नकाराविरुद्ध दाद: विद्यार्थी व्हिसा आणि फेरविचाराचा प्रश्न

परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळणे आणि त्या देशात शिकायला जाण्याची परवानगी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी असून त्यांचे निर्णय निराळ्या संस्था निराळ्या कसोट्यांवर घेतात. विद्यापीठ गुण, भाषा आणि शिफारसपत्रे पाहते. सरकारचा व्हिसा अधिकारी पैसा, हेतू आणि शिक्षण संपल्यावर परतण्याची शक्यता पाहतो. पहिल्या कसोटीला उतरलेला विद्यार्थी दुसरीत अडला, तर त्या नकाराविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाला प्रत्येक देशाने वेगळे उत्तर दिले आहे आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत ती उत्तरे अनेकदा बदललीही आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूर येथून परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या घरांत हा विषय बहुधा नकारपत्र हाती पडल्यावरच निघतो आणि तोवर दाद मागण्याच्या मुदतीचे दिवस सुरू झालेले असतात. प्रस्तुत लेखात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपीय संघातील देश यांच्या व्यवस्थांचा आणि त्यांभोवतीच्या वादाचा आढावा घेतला आहे.

दाद म्हणजे नेमके काय

रोजच्या बोलण्यात या साऱ्याला सरसकट ‘अपील’ म्हटले जाते. कायद्याच्या दृष्टीने त्यात भिन्न मार्ग मोडतात आणि त्यांतील फरक राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या व्यवस्थेवरून चटकन उमगतो. निकाल पटला नाही, तर विद्यार्थी गुणपडताळणी मागू शकतो, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागू शकतो आणि ती पाहून पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करू शकतो. गुणपडताळणीत बेरीज बरोबर आहे का, एखादे उत्तर तपासायचे राहून गेले का, एवढेच पाहतात. पुनर्मूल्यांकनात उत्तर नव्याने वाचून नवे गुण देतात.

व्हिसाच्या क्षेत्रात पुनर्मूल्यांकनाच्या जवळ जाणारा मार्ग म्हणजे पूर्ण अपील, ज्यात खात्याबाहेरचे न्यायाधिकरण पुरावा नव्याने पाहते आणि मूळ निर्णयाच्या जागी आपला निर्णय देऊ शकते. गुणपडताळणीच्या जवळचा मार्ग म्हणजे प्रशासकीय फेरआढावा, ज्यात त्याच खात्यातील दुसरा अधिकारी पहिल्या अधिकाऱ्याने नियम नीट लावले का, एवढे तपासतो. न्यायिक पुनरवलोकन या दोहोंच्या मधले आहे: न्यायालय निर्णय कायद्याला धरून व तर्काला धरून आहे का, हे पाहते, चूक आढळली तर तो रद्द करते आणि प्रकरण पुन्हा व्हिसा कार्यालयाकडे पाठवते, परंतु व्हिसा स्वतः देत नाही. चौथा मार्ग नव्याने अर्ज करण्याचा असून प्रत्यक्षात सर्वाधिक विद्यार्थी तोच धरतात, जरी ते दाद मागणे नसून नव्याने रांगेत उभे राहणे आहे. छायाप्रतीला समांतर गोष्ट म्हणजे नकाराची कारणे आणि अधिकाऱ्याने फाइलवर केलेल्या नोंदी. वादात या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते, वास्तविक तिच्याशिवाय बाकीचे सारे मार्ग अंधारात चालण्यासारखे आहेत.

पार्श्वभूमी

परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचे की नाही, हा सार्वभौम सत्तेचा अधिकार मानण्याची परंपरा जुनी आहे. तिला आजचे कार्यालयीन रूप आले ते पहिल्या महायुद्धानंतर, जेव्हा तपासणीची जागा बंदरावरून दूरदेशीच्या वकिलातीत गेली. अमेरिकेत १९२४ च्या कायद्याने परदेशातील वाणिज्य दूताकडून आधी व्हिसा घेणे बंधनकारक केले आणि १९२७ व १९२९ मधील दोन निकालांनी अशा दूताच्या नकारात न्यायालय लक्ष घालणार नाही, असे तत्त्व रूढ केले. दूताच्या निर्णयाच्या अपुनरवलोकनीयतेचे हे तत्त्व शंभर वर्षांनंतरही त्या देशात पाय रोवून उभे आहे. १९५२ च्या कायद्यातील कलम २१४(ब) ने त्यात भर घातली. या कलमानुसार विद्यार्थी किंवा पर्यटक म्हणून अर्ज करणारी व्यक्ती कायमची स्थायिक होण्यासाठीच येत आहे, असे आधी गृहीत धरले जाते आणि ते खोटे ठरवण्याचा भार अर्जदारावर असतो.

ब्रिटनचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. सर रॉय विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ मध्ये अहवाल देऊन, प्रवेश नाकारलेल्या माणसाला स्वतंत्र यंत्रणेसमोर म्हणणे मांडता आले पाहिजे, असे सुचवले आणि १९६९ च्या कायद्याने अपिलाची व्यवस्था उभी राहिली. भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही तिचा आधार होता. पुढे हा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला. १९९३ च्या कायद्याने अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचे विद्यार्थी आणि अजून प्रवेश निश्चित न झालेले विद्यार्थी अपिलातून वगळले. २००६ च्या कायद्यातील तरतूद गुणांवर आधारित व्हिसापद्धतीबरोबर लागू झाली, तेव्हा परदेशातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याचे अपीलही गेले. आणि २०१४ च्या कायद्याने देशात राहून मुदतवाढ मागणाऱ्या विद्यार्थ्याचे अपील मानवी हक्क किंवा आश्रय एवढ्याच कारणांपुरते मर्यादित करून इतरांसाठी प्रशासकीय फेरआढावा ठेवला. पंचेचाळीस वर्षांत एक हक्क दिला जाऊन जवळजवळ पूर्ण मागे घेतला गेल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसऱ्या देशात क्वचित सापडेल.

भारतीय वाचकाच्या मनात येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. मेनका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये सामावलेले असून बाजू मांडण्याची संधी न देता ते हिरावता येत नाही, असे सांगितले. मग व्हिसाच्या नकाराविरुद्ध भारतातील न्यायालयात जाता येईल काय? तसे जाता येत नाही. तो निकाल भारत सरकारने पासपोर्टबाबत केलेल्या कारवाईला लागू होतो. परक्या देशाच्या व्हिसा निर्णयावर भारतीय न्यायालयाचा अधिकार चालत नाही. चुकीचा सल्ला किंवा बनावट कागद देणाऱ्या सल्लागाराविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि घरच्या भूमीवर उपलब्ध असलेली दाद एवढीच आहे.

आजची स्थिती

अमेरिकेबाबत फार लिहिण्याजोगे नाही, कारण मार्गच नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याशी दोन-तीन मिनिटे बोलणे होते आणि नकार असेल, तर पासपोर्टबरोबर कलमाचा क्रमांक असलेला छापील कागद परत मिळतो. या कागदावर त्या विशिष्ट विद्यार्थ्याबद्दल काहीही लिहिलेले नसते. हजारो जणांना तोच मजकूर मिळतो. वरिष्ठ अधिकाऱ्याने काही नकार तपासावेत, अशी तरतूद नियमावलीत आहे, परंतु ती मागण्याचा हक्क अर्जदाराला नाही. न्यायालयाचे दार किंचित उघडे असल्याची आशा १९७२ च्या मँडेल खटल्याने दाखवली होती. बेल्जियमचे मार्क्सवादी विचारवंत अर्नेस्ट मँडेल यांना व्याख्यानासाठी बोलावणाऱ्या अमेरिकी प्राध्यापकांनी तो लढवला होता आणि सरकारने वरकरणी वैध व प्रामाणिक कारण दिले, की न्यायालय त्याच्या मागे जाणार नाही, असे त्यात ठरले. जून २०२४ मधील मुन्योस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, नागरिक पत्नीलाही पतीच्या व्हिसा नकाराविरुद्ध घटनात्मक हक्क सांगता येत नाही, असा निर्णय देऊन ही फट आणखी अरुंद केली. परिणामी विद्यार्थ्यापुढे पुन्हा १८५ डॉलर भरून नवी मुलाखत देणे एवढाच पर्याय उरतो. २०२३-२४ या अमेरिकी आर्थिक वर्षात जगभरातील विद्यार्थी व्हिसाचे सुमारे ४१ टक्के अर्ज नाकारले गेले, हे लक्षात घेतले, की या एकुलत्या पर्यायावर केवढा भार आहे, ते कळते.

ब्रिटनमध्ये परदेशातून अर्ज करणाऱ्याला नकार मिळाल्यापासून २८ दिवसांत प्रशासकीय फेरआढावा मागता येतो. त्यात तपासायची गोष्ट एकच, अधिकाऱ्याची चूक; नवा पुरावा सहसा घेतला जात नाही. ही मर्यादा व्यवहारात किती जाचक ठरू शकते, हे पैशाच्या नियमावरून दिसते. फी आणि राहण्याच्या खर्चाइतकी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे आणि त्यांतील एका दिवशीही शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. सत्ताविसाव्या दिवशी वडिलांनी त्याच खात्यातून विमानाचे तिकीट काढले आणि शिल्लक काही हजार रुपयांनी कमी पडली, तर नकार नियमाप्रमाणे योग्यच असतो; दुसऱ्या दिवशी पैसे परत भरल्याचा दाखला फेरआढाव्यात उपयोगी पडत नाही. याउलट शिल्लक पुरेशी असून अधिकाऱ्याने रुपयांचे पौंडांत रूपांतर करताना चूक केली असेल, तर फेरआढावा हाच सर्वांत सरळ उपाय आहे, कारण विद्यापीठाने दिलेले प्रवेशाचे पुष्टिपत्र एकाच अर्जासाठी वापरता येते आणि नव्या अर्जासाठी नवे पुष्टिपत्र मिळवावे लागते. ते देताना विद्यापीठही हात आखडता घेते, कारण त्याच्या विद्यार्थ्यांच्या नकारांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा त्याचा परवानाच धोक्यात येतो; १० टक्क्यांची ही मर्यादा ५ टक्क्यांवर आणण्याचे धोरण सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले. फेरआढाव्यातही नकार कायम राहिला, तर अप्पर ट्रायब्युनलकडे न्यायिक पुनरवलोकन मागता येते. ते खर्चिक आहे आणि बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

या क्षेत्रातील सर्वांत जिवंत घडामोड कॅनडात चालू आहे. तेथेही अभ्यास परवान्याच्या नकाराविरुद्ध अपील नाही. मात्र २००१ च्या कायद्यातील कलम ७२ नुसार फेडरल न्यायालयात न्यायिक पुनरवलोकनासाठी आधी परवानगी मागता येते. नकार परदेशात मिळाला असेल, तर मुदत ६० दिवसांची आणि दाखल शुल्क अवघे ५० डॉलर आहे. वकिलाचा खर्च अर्थातच त्याच्या कित्येक पट असतो. हा मार्ग पूर्वीपासून होता, परंतु त्याला धार आली ती १९ डिसेंबर २०१९ च्या वाविलोव निकालाने. एका रशियन हेरदांपत्याच्या, टोरांटोत जन्मलेल्या मुलाच्या नागरिकत्वाचा तो खटला होता आणि विद्यार्थ्यांशी त्याचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलेले तत्त्व मात्र प्रत्येक सरकारी निर्णयाला लागू पडले: निर्णय कसा निघाला, याचे समर्थन निर्णयातच वाचता आले पाहिजे, सरकारी वकिलाने न्यायालयात उभे राहून ते नंतर रचून उपयोगाचे नाही. त्यानंतर अभ्यास परवान्याची प्रकरणे मोठ्या संख्येने न्यायालयापुढे आली. अर्जदार शिक्षण संपल्यावर कॅनडा सोडेल, याची खात्री वाटत नाही, या एका वाक्याखाली अधिकाऱ्याने काय काय विचारात घेतले, हे न्यायाधीश नोंदी उघडून वाचू लागले. अर्जदाराने दिलेला पुरावा न पाहता साचेबंद वाक्ये वापरली असतील, तर नकार रद्द होऊ लागले. तर्क थोडक्यात पण दिसेल असा असेल, तेथे ते टिकलेही.

या नोंदींमागे आणखी एक प्रकरण आहे. कॅनडाच्या स्थलांतर खात्याने २०१८ पासून ‘चिनूक’ नावाचे, एक्सेलवर बेतलेले साधन वापरायला सुरुवात केली, ज्यात अनेक अर्जांची माहिती एका तक्त्यात दिसते आणि नकाराच्या नोंदींसाठी तयार मजकूर निवडता येतो. निर्णय अधिकारीच घेतो, साधन घेत नाही, असे खात्याचे म्हणणे असून केवळ चिनूक वापरले म्हणून निर्णय अन्यायकारक ठरत नाही, असे न्यायालयानेही म्हटले आहे. तरीही शेकडो नकारांत शब्दशः तीच वाक्ये का आढळतात, या विद्यार्थ्यांच्या वकिलांच्या प्रश्नाला त्यामुळे पूर्ण उत्तर मिळालेले नाही.

खटल्यांच्या ओझ्याने फेडरल न्यायालयच दमल्यावर १ ऑक्टोबर २०२४ पासून अभ्यास परवान्यांसाठी एक पथदर्शी योजना सुरू झाली. तिच्यात साधी, विशेष गुंतागुंत नसलेली प्रकरणे दोन्ही पक्षांच्या संमतीने तोंडी सुनावणीशिवाय घेतली जातात आणि परवानगी व अंतिम निर्णय एकाच टप्प्यात होतो. एरवी दीड वर्षापर्यंत लागणारा वेळ सुमारे पाच महिन्यांवर आणण्याचा उद्देश आहे. जुलै २०२५ अखेरपासून स्थलांतर खात्याने नकारपत्राबरोबरच अधिकाऱ्याच्या नोंदी पाठवायला सुरुवात केली, ज्यांसाठी आधी माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली वेगळा अर्ज करून आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागे. अनेक नव्या योजनांपेक्षा हा छोटा बदल अधिक मोलाचा आहे, कारण त्यामुळे विद्यार्थ्याला खटला लढवावा की कागद सुधारून नवा अर्ज करावा, हे मुदतीच्या आत ठरवता येते. त्याच वेळी कॅनडाने परवान्यांच्या संख्येवर २०२४ पासून मर्यादा घातली, निर्वाहनिधीची अट दुपटीने वाढवली आणि भारतीय अर्जदारांच्या नकारांचे प्रमाण खूप चढले, हेही विसरता येत नाही. दाद मागण्याचा मार्ग सुधारत असताना दाद मागावी लागणाऱ्यांची संख्या वाढत आहे.

ऑस्ट्रेलियातील भेद नजरेत भरणारा आहे. मेलबर्नमध्ये राहून नवा विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला नकार मिळाला, तर त्याला प्रशासकीय पुनरवलोकन न्यायाधिकरणाकडे जाता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या अपील न्यायाधिकरणाच्या जागी आलेली ही संस्था नवा पुरावा घेऊन निर्णय बदलू शकते, म्हणजे खऱ्या अर्थाने पुनर्मूल्यांकन करते. तोच अर्ज नाशिकहून केला असेल, तर सर्वसाधारणपणे हा मार्ग उपलब्धच नाही. अर्जाचे शुल्क मात्र दोघांना सारखे, जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि नकारानंतर ते परत मिळत नाही.

युरोपीय संघात २०१६ च्या विद्यार्थी व संशोधकविषयक निर्देशाने नकाराची लेखी कारणे आणि त्याला कायदेशीर आव्हान देण्याची सोय सदस्य देशांवर बंधनकारक केली आहे. युरोपीय न्यायालयाने त्याआधीच, २०१४ च्या बेन अलाया खटल्यात, अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला देशांनी मनाच्या जादा अटी घालून नाकारू नये, असे ठरवले होते. मात्र २०१७ मध्ये संगणक सुरक्षेत संशोधन करू इच्छिणाऱ्या इराणी विद्यार्थिनीच्या फहिमियान खटल्यात सुरक्षेच्या प्रश्नावर अधिकाऱ्यांना विस्तृत मोकळीक दिली. जुलै २०२४ चा पेर्ल निकाल या लेखाच्या विषयाशी थेट भिडतो. कॅमेरूनच्या एका अर्जदाराला बेल्जियमने खरा हेतू शिक्षण नसल्याचे सांगून नाकारले होते आणि बेल्जियमचे न्यायाधिकरण नकार फक्त रद्द करू शकते, व्हिसा देऊ शकत नाही. ही मर्यादित दाद पुरेशी आहे, असे न्यायालयाने म्हटले, परंतु नकार रद्द झाल्यावर नवा निर्णय लवकर आणि निकालाला धरून झाला पाहिजे, अशी अट घातली.

जर्मनीचे पाऊल वेगळ्या दिशेचे आहे. तेथे नकारानंतर वकिलातीलाच साध्या पत्राने फेरविचाराची विनंती करता येई आणि तिला ‘रेमोन्स्ट्रात्सिओन’ म्हणत. कायद्याने सक्ती नसलेली, परराष्ट्र खात्याने स्वेच्छेने ठेवलेली ही विनाशुल्क सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद झाली. फेरविचारात अडकणारे कर्मचारी नव्या अर्जांकडे वळवल्यामुळे प्रतीक्षा घटली, असे खाते सांगते. आता उरलेला मार्ग म्हणजे महिन्याभरात बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. वकील लावण्याची सक्ती नसली, तरी कामकाजाची भाषा जर्मन आहे, हे पुण्यात बसून दावा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही.

भूमिका

अपील नसावे किंवा मर्यादित असावे, असे मानणाऱ्यांचे म्हणणे असे, की प्रवेश हा परक्याचा हक्क नसून राज्याने द्यावयाची सवलत आहे. विद्यार्थी त्या देशाच्या भूमीवर नसल्याने नकारामुळे त्याचे घर वा रोजगार जात नाही आणि त्याला पुन्हा अर्ज करता येतो. अपिलाची व्यवस्था महिनोन्महिने चालते, करदात्याचा पैसा खाते आणि देशातच असलेल्यांच्या बाबतीत मुक्काम लांबवण्याचे साधन बनते. अर्जांत बनावट कागद येतात, हेही ते दाखवतात. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचे प्रकरण उघड झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरपासून तेथे प्रत्येक प्रवेशपत्राची संस्थेकडून पडताळणी सुरू झाली, हे त्यांच्या बाजूचे ठोस उदाहरण आहे.

दुसऱ्या बाजूचे अभ्यासक नकाराचे परिणाम मोजतात. शैक्षणिक वर्ष जाते, भरलेली शुल्के जातात, शिष्यवृत्ती सुटते आणि पुढे कोणत्याही देशाच्या अर्जात ‘पूर्वी व्हिसा नाकारला होता का’ या रकान्यात आयुष्यभर ‘होय’ लिहावे लागते. जो अधिकारी चुकला, तर त्याला विचारणारे कोणी नाही, तो अधिक काळजीने निर्णय घेईल असे मानायला आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद असून त्यासाठी ते ब्रिटनच्या भाषापरीक्षा प्रकरणाकडे बोट दाखवतात. २०१४ मध्ये बीबीसीने इंग्रजी परीक्षेतील तोतयेगिरी उघड केल्यावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने २०११ ते २०१४ दरम्यानच्या ५८ हजारांवर चाचण्यांपैकी ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या आणि हजारो विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. अनेकांना देश सोडल्यावरच अपील करता येणार होते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने, प्रामाणिकपणा हाच मुद्दा असताना माणसाला देशाबाहेरून अपील करायला लावणे पुरेसे नाही, असे म्हटले आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने निरपराधांच्या बचावाची काळजी घेतली गेली नाही, अशी टीका केली. प्रामाणिकपणे हेही नोंदवले पाहिजे, की २०२२ मध्ये भारतीय अर्जदारांच्याच प्रकरणात अप्पर ट्रायब्युनलने सरकारचा पुरावा फसवणूक दाखवण्यास सकृद्दर्शनी पुरेसा मानला. फसवणूक झाली होती आणि निर्दोषही भरडले गेले. त्यांना वेगळे काढायचे काम कोणाचे, हाच वाद आहे.

तिसरी भूमिका अपिलाच्या वादापेक्षा पहिला निर्णय सुधारण्यावर भर देते. शंका असेल तर नाकारण्याआधी एक ई-मेल पाठवून कागद मागवावा, कारणे त्या अर्जापुरती लिहावीत, नोंदी सोबत द्याव्यात. ही भूमिका फारशी गाजत नाही. तिच्या बाजूने मोर्चे निघत नाहीत आणि निवडणुकीतही ती कामाची नाही. उपलब्ध अनुभव पाहता विद्यार्थ्याचा सर्वाधिक फायदा मात्र हिच्यातच दिसतो.

हेतूची कसोटी आणि सातबारा

सर्व व्यवस्थांत सर्वांत बिकट गोष्ट हेतूची आहे. बावीस वर्षांची मुलगी दोन वर्षांनी परत येईल की नाही, हे तिलाही ठाऊक नसते. कॅनडाचा कायदा तर तात्पुरते येणे आणि पुढे स्थायिक होण्याची इच्छा असणे एकाच वेळी शक्य असल्याचे मान्य करतो आणि तरीही अधिकाऱ्याने परतण्याबद्दल खात्री करून घ्यावी, असे सांगतो. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये ‘तात्पुरत्या प्रवेशाचा खरा हेतू’ ही जुनी कसोटी सोडून ‘खरा विद्यार्थी’ अशी नवी आणली. प्रश्न बदलला, अंदाज करण्याचे स्वरूप राहिले. न्यायालय अंदाजामागचा तर्क तपासू शकते, अंदाज खरा की खोटा, हे नाही.

पैशाच्या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाची अडचण निराळी आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेले असल्याने विवरणपत्रात ते ठसठशीत दिसत नाही. उसाचे बिल महिन्याच्या पगारासारखे न येता कारखान्याकडून हप्त्यांनी येते. मुलीच्या शिक्षणासाठी सोनेतारण किंवा जमिनीचा तुकडा विकून आलेली रक्कम खात्यात एकदम जमा होते. मुंबईच्या किंवा दिल्लीच्या कार्यालयातील, अनेकदा तर दुसऱ्याच देशात बसलेल्या अधिकाऱ्याला ती रक्कम उसनी आणून दाखवल्यासारखी वाटते. सातबारा उतारा, खरेदीखत, कारखान्याची पावती आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडून पैसा कोठून, कधी व का आला, हे एका पानात तारीखवार लिहिले, तर पुढे न्यायालयात जावे लागल्यास ‘अधिकाऱ्याने हा पुरावा पाहिलाच नाही’ असे म्हणता येते. जोडलेच नसेल, तर गुणपडताळणीत न लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न वेळेचा. कॅनडाची पाच महिन्यांची योजनासुद्धा सप्टेंबरच्या सत्रासाठी जुलैत नाकारलेल्या विद्यार्थ्याला ते सत्र परत देऊ शकत नाही. जिंकूनही त्याला विद्यापीठाकडे प्रवेश पुढे ढकलण्याची विनंती करावी लागते आणि फेरनिर्णयात पुन्हा नकार येण्याची शक्यता राहतेच. सत्राच्या तारखेला बांधलेली दाद कोणत्याही मोठ्या देशाने अजून उभारलेली नाही. दुसरा प्रश्न संगणकीय साधनांचा: अर्जांची वर्गवारी यंत्र करत असेल, तर त्याचे निकष अर्जदाराला कळावेत का, यावर न्यायालये अजून चाचपडत आहेत. तिसरा प्रश्न विषमतेचा. शुल्क ५० डॉलर असले, तरी न्यायालयाचा मार्ग वकील परवडणाऱ्यालाच खरा खुला असतो आणि शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रावर उभे असलेले घर नव्या अर्जाकडेच वळते. फेरआढाव्याची व्यवस्था खात्याच्या आत ठेवावी की बाहेर, या जुन्या वादाचा निकाल लागलेला नाही. ब्रिटनने तो एका बाजूने मिटवला, ऑस्ट्रेलियाने अर्ध्यावर ठेवला.

वाचकांपैकी कोणाच्या घरी नकारपत्र आलेच, तर नव्या अर्जाचे पैसे भरण्याआधी ते पत्र शेवटपर्यंत वाचावे, त्यातील प्रत्येक कारणासमोर आपण कोणता कागद जोडला होता ते लिहावे, आणि पत्र किंवा ई-मेल ज्या दिवशी मिळाला ती तारीख त्याच दिवशी नोंदवून ठेवावी. ब्रिटनचे २८ दिवस, जर्मनीचा एक महिना आणि कॅनडाचे ६० दिवस निर्णय कळल्यापासून मोजले जातात.